ठाणे खाडीतला रोहित आणि दोडामार्गचं रानटी जायफळ: तुलना नेमकी कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चिखलात चालून चरणारा एक पक्षी आणि धोक्यात आलेलं एक झाड यांची तुलना करायची आहे. पक्षी म्हणून ठाणे खाडीतला छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) घेतला, झाड म्हणून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या दलदलीतलं रानटी जायफळ. तक्ता केला, पण "एक उडतो, एक उभं आहे" आणि "एक लाखभर आहेत, एक मोजकं आहे" यापलीकडे गाडी सरकेना. मार्गदर्शक म्हणतात दोन्ही संकटग्रस्त आहेत, तेव्हा कारणं लिहा. मग लाखभर पक्षी संकटग्रस्त कसे? आणि अशा दोन जिवांची तुलना करण्यात काही अर्थ तरी आहे का?

अर्थ आहे, भरपूर आहे. तक्त्याचे रकाने तेवढे चुकले आहेत. मी मूळचा झाडांचा माणूस. पंचवीसेक वर्षं कोकणातल्या देवराया आणि व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) जंगलं टेप-वही घेऊन मोजत आलोय, आणि हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या मोजणीला हौसेने जातो. दोन्हीकडे हात घातल्यामुळे या प्रश्नावर मी एकदा चांगलाच आपटलोही आहे. तो किस्सा पुढे येईल.

आधी दोन किरकोळ गोष्टी उरकतो. परीक्षकांनी विचारलं तर उत्तर तयार हवं.

पहिली 'वेडर' या शब्दाची. ब्रिटिश पद्धतीने बोलणारे पक्षीनिरीक्षक वेडर म्हणतात ते तुतवार, चिखले, पाणटिवळे यांना, म्हणजे किनाऱ्यावरच्या लहान-मध्यम पक्ष्यांना. अमेरिकी पुस्तकांत मात्र वेडिंग बर्ड म्हणजे बगळे, करकोचे, शराटी आणि रोहित. तुमचा रोहित दुसऱ्या अर्थाने बसतो. एका ओळीत तसं लिहून टाका, वाद मिटेल.

दुसरी गोष्ट 'संकटग्रस्त' या शब्दाची. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत धोक्यातल्या जाती म्हणजे तीनच पायऱ्या: असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. छोटा रोहित यांपैकी कशातच नाही. तो आहे 'संकटसमीप', म्हणजे उंबरठ्याच्या बाहेर पण दाराला टेकलेला. मोठा रोहित तर काळजी नसलेल्या जातींत आहे. जायफळ कुळातलं दलदलीत वाढणारं मायरिस्टिका मॅग्निफिका हे संकटग्रस्त. आणि जंगलातली रामपत्री, म्हणजे मायरिस्टिका मलबारिका, असुरक्षित. तुमच्या राईत नेमकं कोणतं झाड आहे ते पान आणि फळ दाखवून आधी पक्कं करून घ्या. 'रानजायफळ' हे नाव लोक दोघांनाही सर्रास लावतात. खोडाच्या बुंध्यापासून आधारमुळं सुटून चिखलात रुतलेली असतील तर बहुधा मॅग्निफिका.

रामपत्री तुमच्या घरात असण्याची शक्यता बरीच आहे. मसाल्याच्या यादीत जायपत्रीच्या खाली जी स्वस्तातली, लांबट, कमी वासाची पत्री येते ती तिची. बीवरचं लाल जाळीदार वेष्टन वाळवून विकतात. जायपत्रीत भेसळ करायला हीच वापरतात. भाव आला की लोक फळ पिकायची वाट पाहत नाहीत, फांदीसकट उतरवतात. हे आत्ता लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पाय आणि मुळं. तुम्ही तक्त्यात "दोघांनाही चिखलात उभं राहण्यासाठी लांब आधार" असं लिहिलंय. दिसायला सुंदर साम्य आहे, मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं. पण काम वेगळं आहे. रोहिताचे लांब पाय त्याला अंग कोरडं ठेवून खोल पाण्यात चरू देतात. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर पंपासारखं ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांनी गाळून घेतो. छोट्या रोहिताची गाळणी इतकी बारीक की निळं-हिरवं शेवाळ तिच्यात अडकतं. मोठ्याची जाड, तो कोळंबीसारखे लहान जीव गाळतो. त्यामुळे दोघं एकाच चिखलात शेजारी शेजारी चरतात आणि ताटात हात घालत नाहीत. अंगाचा गुलाबी रंगही खाण्यातून येतो.

झाडाची आधारमुळं धरून ठेवतातच, पण त्यांचं मोठं काम श्वासाचं आहे. दलदलीच्या मातीत हवा जवळजवळ नसते. मातीतल्या मुळांना लागणारी हवा पाण्याच्या वर राहिलेल्या मुळांच्या सालीवरल्या बारीक छिद्रांतून आत जाते. याच कुळातलं दक्षिणेकडचं जिम्नाक्रँथेरा नावाचं झाड तर मुळं चिखलातून वर काढून परत आत वळवतं, जणू कोणी गुडघे वर करून बसलंय. त्यांना गुडघामुळं म्हणतात. गंमत अशी की रोहिताच्या पायात मागे वाकणारा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो असतो घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. म्हणजे गुडघ्याच्या बाबतीत दोघंही आपल्याला फसवतात. तक्त्यात हे टाकलंत तर परीक्षक हसतील आणि दोन गुण जास्त देतील. पण प्रकल्पाचा कणा हा नाही.

कणा तुमच्या दुसऱ्या रकान्यात आहे, संख्येच्या.

तिथे तुम्ही लिहिलंय: रोहित लाखाच्या पुढे, जायफळ मोजकं, म्हणून जायफळाला धोका जास्त. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. लाल यादी संख्या एवढंच पाहत नाही. तिचे निकष ढोबळपणे असे: गेल्या १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत (जो काळ जास्त असेल तो) घट किती झाली, जात किती भूभागावर पसरली आहे आणि तो तुकड्या-तुकड्यांत आहे का, आणि प्रजननक्षम जीव किती उरलेत. यातली कोणतीही एक चाळणी अडकली तरी जात यादीत वर जाते. केवळ संख्येवरून 'असुरक्षित' ठरायचं तर प्रजननक्षम जीव हजाराच्या खाली असावे लागतात. रोहित तिथे पोचायला अजून फार दूर आहे. त्याचं नाव यादीत पुढे सरकतं ते वेगळ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे घरट्याची जागा. जगात छोटे रोहित अजून लाखांनी आहेत, पण ते नियमितपणे अंडी घालतात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पूर्व आफ्रिकेतल्या थव्यांची सगळी भिस्त टांझानियातल्या नेट्रॉन सरोवरावर. आपल्याकडे कच्छचं रण. मातीचा उंचवटा करून त्यावर एकच अंडं. भोवती पाणी आहे तोवर ते सुरक्षित. पाणी लवकर आटलं की कुत्री-कोल्हे चालत येतात, उशिरा जोराचा पाऊस झाला की उंचवटेच वाहून जातात. काही वर्षी हंगाम अख्खा फुकट जातो. तरी थवा पुढल्या वर्षी तेवढाच दिसतो, कारण रोहित दीर्घायुषी आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला मोठा रोहित २०१४ मध्ये गेला तेव्हा त्याचं वय निदान ८३ होतं. रानातला पक्षी इतका जगत नाही आणि छोटा रोहित ही जातही वेगळी, हे धरलं तरी मुद्दा कळतो. एक अंडं, बेभरवशाचा हंगाम, लांब आयुष्य. असा पक्षी लाखाने दिसतो तेव्हा त्या लाखात पोरं किती आणि म्हातारे किती हे कळल्याशिवाय तो लाख काहीच सांगत नाही.

आता जायफळाकडे या. हीच वाक्यं झाडासाठी लिहून पाहा, एखाददुसराच शब्द बदलावा लागेल. लांब आयुष्य, बी थोडं आणि जड, आणि बी रुजायची जागा अगदी ठरलेली: बारमाही ओल असलेला व्हाळाचा काठ. म्हणजे तुम्ही ज्यांना दोन टोकं समजताय ते दोघं वागायला चुलत भाऊ आहेत. लांब पायांमुळे नव्हे. पुढची पिढी सावकाश, थोडी आणि ठरावीक जागीच होते म्हणून. तुलना इथून सुरू करा.

इथेच माझा आपटल्याचा किस्सा सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या जिवांची नोंद ठेवायच्या वहीचं, काम होतं. राईत दोन दिवस घालवले, जायफळाची झाडं एकेक करून मोजली, घेर घेतले, खुणा केल्या. सगळी धष्टपुष्ट, पानं तकतकीत, एकावरही कुऱ्हाडीची खूण नाही. मी नोंदवहीत लिहिलं: स्थिती समाधानकारक. संध्याकाळी देवळाच्या पायरीवर चहा पिताना राईची राखण करणाऱ्या घरातले एक वृद्ध गृहस्थ शेजारी बसले होते. वही बघून म्हणाले, "झाडां मोजलात, पण तेंची पोरां खंय आसत?"

दुसऱ्या दिवशी परत आत गेलो आणि फक्त खाली बघत फिरलो. वीतभर रोपं होती, झाडांच्या पायाशीच. कमरेएवढं एकही नाही. मनगटाएवढ्या खोडाचं एकही नाही. म्हणजे बी रुजत होतं, पण निदान पंधरा-वीस वर्षांत तिथे एकही पोर मोठं झालं नव्हतं. कारण शोधायला व्हाळाच्या कडेने वर चढलो. वरच्या अंगाला पोफळीच्या बागेसाठी पाट काढला होता. हिवाळ्यापर्यंत व्हाळ पूर्वीसारखा वाहायचा, नंतर उन्हाळाभर दलदलीचं पाणी बागेत. मोठ्या झाडांची मुळं खोल, त्यांना फरक जाणवला नव्हता. वीतभर रोपं मार्च-एप्रिलात वाळून जात होती. बागवाल्याने कोणताही कायदा मोडला नव्हता. त्याला खाली काय होतंय हे ठाऊकही नव्हतं. चूक माझी होती. मी म्हाताऱ्यांची शिरगणती करून गाव सुखी आहे असं लिहून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. राईत शिरलो की आधी गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीची रोपं शोधायची, मोठी झाडं शेवटी. एका मादी झाडाला आपल्या सगळ्या आयुष्यात एक स्वतःच्या जागी आणि एक नराच्या जागी अशी दोनच पोरं मोठी करायची असतात. हजारो बियांतून दोन. पण ती दोन झाली नाहीत तर राई उभ्या-उभ्या संपते, आणि संपल्याचं कळायला शंभर वर्षं लागतात. तोवर पर्यटक फोटो काढत राहतात.

'मादी झाड' म्हटलं ते मुद्दाम. या कुळात नर झाड वेगळं, मादी वेगळं. पन्नास झाडांच्या राईत नर किती, माद्या किती, हे फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. पंचवीस-पंचवीस असतील असं धरून चालू नका. रोहितात नर-मादी दोन्ही लागतात हे आपण गृहीत धरतो, झाडाच्या बाबतीत विसरतो.

आणि बी पोचवायचं कोणी? रोहित स्वतः उडतो. जायफळ दुसऱ्याच्या पंखांवर जातं. फळ उकललं की आत लाल पत्रीत गुंडाळलेलं बी दिसतं आणि ते गिळतात धनेश आणि मोठी रानकबुतरं. पत्री पचते, बी दूर कुठे तरी टाकलं जातं. म्हणून पत्रीसाठी कच्ची फळं उतरवली की दोन नुकसानं एकदम होतात: बी जातं आणि धनेशाचं त्या राईकडे येणंही कमी होतं. धनेशाला ढोलीसाठी जुनी थोराड झाडं लागतात; दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांत रबराच्या लागवडीसाठी रान साफ झालं की ती आधी जातात. राई जशीच्या तशी राहते, बी वाहून नेणारा कमी होतो. असं कुंपणाबाहेरून येणारं नुकसान सगळ्यांत उशिरा ध्यानात येतं.

इथपर्यंत साम्य. खरा फरक तुमच्या तक्त्यात आलाच नाही, तो आता बघा: कोणाचं नशीब कुठे ठरतं.

ठाणे खाडीतल्या रोहिताचं आपल्या हातात फार थोडं आहे. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून थवे येतात, पावसाच्या तोंडावर जातात. १९९० च्या दशकापासून शिवडीच्या चिखलावर ते मोठ्या संख्येने दिसू लागले. खाडीत येणाऱ्या सांडपाण्याने शेवाळ माजलं आणि त्यावर छोटे रोहित जमले असं मानलं जातं. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणतो ते त्यांचं ताट. २०१५ मध्ये १,६९० हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सहा रोहितांना जीपीएस यंत्रं बसवली आणि त्यांतले पक्षी गुजरातेत गेल्याचं नकाशावर दिसलं. मुंबईत आपण त्यांना खायला आणि उतरायला जागा देतो. पोरं मात्र रणातल्या पाण्यावर ठरतात. आणि प्रवासात काय घडेल याचा नेम नाही: २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची धडक बसून एका झटक्यात ३९ रोहित मेले. ही बातमी देशभर झाली. साहजिकच होतं, पक्षी रस्त्यावर पडले, लोकांनी पाहिले.

जायफळाचं नशीब त्याच्या बुंध्यापासून हाकेच्या अंतरावर ठरतं. व्हाळाचं पाणी वळलं, भातासाठी किंवा पोफळीसाठी दलदल उपसली, देवळाच्या जीर्णोद्धारात राईत काँक्रीट पडलं, गुरं चरली. एवढंच. कच्छ नाही, टांझानिया नाही. ग्रामसभेने मनावर घेतलं तर एका पावसाळ्यात पाट थोडा खाली सरकवता येतो. आमच्या त्या गावात शेवटी तेच झालं. बागेला पाणी सोडायचे दिवस वाटून घेतले. भांडण झालं, पण मिटलं. रोहितासाठी असा निर्णय कोणताही सरपंच घेऊ शकत नाही.

म्हणून "जास्त धोका कोणाला" याच्याऐवजी "कोणाचा धोका कोण दूर करू शकतं" असा रकाना करा. रोहितापुढे गुजरात, महाराष्ट्र, रेल्वे-रस्ते-विमानतळ, वीजवाहिन्या अशी यादी होईल. जायफळापुढे एक गाव आणि एक पाट.

जायफळ कुळातली झाडं वाढतात अशा या दलदलींची, म्हणजे मायरिस्टिका दलदलींची, नोंद पहिल्यांदा १९६० मध्ये त्रावणकोर भागातून झाली. पुढे उत्तर कन्नड आणि गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथल्या निरंकाराच्या राईत ती असल्याचं कळलं. महाराष्ट्रात दोडामार्गमधली बांबर्डे-हेवाळ्याची दलदल अभ्यासकांपुढे आली ती अगदी अलीकडे, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र २.५९ हेक्टर. १,६९० आणि २.५९ हे दोन आकडे तक्त्यात शेजारी लिहा, पण त्यावरून झाडावर अन्याय झाला असं लिहू नका. एवढ्या कमी जागेत एवढी जुनी गोष्ट टिकली ती देवराईच्या धाकामुळे, कागदामुळे नव्हे. कोयता लागला की या झाडातून रक्तासारखा लाल रस येतो. अशा झाडाला देवाच्या रानात कोण हात लावील?

पक्ष्याचं पारडं जड असायला आणखी एक साधं कारण आहे. पक्ष्यांच्या सगळ्या जातींचं जागतिक मूल्यमापन पहिल्यांदा १९८८ मध्ये झालं आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी होतंय. झाडांचं एवढ्या मोठ्या प्रमाणावरचं मूल्यमापन जाहीर झालं २०२४ मध्ये: ४७,२८२ जाती तपासल्या, त्यांतल्या १६,४२५ धोक्यात. ढोबळ हिशेबात तीनांत एकाहून जास्त. पक्ष्यांत हे प्रमाण आठांत एकाच्या आसपास आहे. वन्यजीव कायद्यातही, १९७२ च्या मूळ कायद्यात वनस्पती नव्हत्याच. १९९१ च्या दुरुस्तीत सहा आल्या, त्यांत जायफळ नव्हतं. झाड पळत नाही, ओरडत नाही, स्थलांतर करत नाही, म्हणून त्याची पाळी शेवटी.

आता प्रत्यक्ष काम. तुमच्याकडे एक हंगाम आहे असं धरून सांगतो.

रोहितासाठी एकूण संख्या मोजायच्या फंदात पडू नका, ते अनुभवी मंडळींचं काम आहे आणि मोजणी एकाच वेळी अनेक ठिकाणी झाली नाही तर तोच थवा दोनदा मोजला जातो. तुम्ही थव्यातली राखाडी पोरं मोजा. रोहिताचं पिल्लू राखाडी-तपकिरी असतं आणि पुरता गुलाबी व्हायला त्याला तीन-चार वर्षं लागतात. भरती चढताना पक्षी काठाशी दाटतात. तेव्हा दुर्बीण किंवा स्पॉटिंग स्कोप लावून शंभर-शंभर पक्ष्यांचे गट घ्या, प्रत्येकात फिके किती ते लिहा. निदान वीस गट, आणि ते थव्याच्या वेगवेगळ्या भागांतून, कारण पोरं कडेला वेगळी जमतात आणि एकाच टोकाला मोजलंत तर आकडा फुगतो किंवा पडतो. मोठा रोहित सोबत असतोच. त्याची चोच फिकी गुलाबी, टोक तेवढं काळं. छोट्याची चोच गडद, लांबून काळपट लाल दिसते. पिल्लांत ओळख अवघड जाते. शंका आली तर 'अनिश्चित' असा वेगळा रकाना ठेवा, अंदाजाने भरू नका.

जायफळासाठी चार गट करा: गुडघ्याखालची रोपं, गुडघ्यापासून छातीपर्यंतची, त्याहून उंच पण ३० सेंमीपेक्षा कमी घेराची, आणि मोठी झाडं. घेर नेहमी १.३७ मीटर उंचीवर घेतात, पण आधारमुळं त्याहून वर असतील तर सगळ्यांत वरच्या मुळाच्या हातभर वर टेप लावा आणि किती उंचीवर घेतला ते लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कोणी मोजेल आणि झाड बारीक झालंय असा निष्कर्ष काढेल! हे खरोखर घडलेलं आहे. वीतभर रोपं मोजताना पाय जपून टाका. मी नवखा असताना मोजलेल्यांतली निम्मी तुडवली असतील. आणि शक्य असेल तर पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा असं दोनदा मोजा. ऑक्टोबरातली रोपं मेपर्यंत किती टिकतात, तुमच्या प्रकल्पातला सगळ्यांत मोलाचा आकडा तोच. व्हाळाचं पाणी कोणत्या आठवड्यात थांबतं तेही लिहा. त्यासाठी यंत्र नको, राखण करणाऱ्यांच्या घरी विचारा.

मग दोन आलेख काढा, एकमेकांखाली. वर रोहित: फिके आणि गुलाबी. खाली जायफळ: चार गट. निरोगी राईचा आलेख उतरत्या जिन्यासारखा दिसतो, लहान भरपूर आणि मोठी कमी. मधल्या पायऱ्या गायब असतील तर कारण त्या पायऱ्यांच्या वयाच्या काळात शोधा: वीस वर्षांपूर्वी तिथे काय बदललं? पाट, रस्ता, गुरांची वाट, पत्रीचा व्यापारी? रोहिताच्या आलेखात फिके कमी निघाले तर लगेच "प्रजनन फसलं" असं लिहू नका. एका खाडीवरून एवढं बोलता येत नाही. "या हंगामात या जागी पोरांचं प्रमाण इतकं" एवढंच लिहा. परीक्षकाला ते जास्त आवडेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की चार बिया आणून कॉलेजच्या बागेत जायफळ लावलं तर चालेल का. आधी राईच्या मानकऱ्यांची आणि जैवविविधता समितीची परवानगी घ्या, ती नसेल तर विषय संपला. मिळाली तर एवढं लक्षात ठेवा: हे बी वाळलं की मेलं. गव्हासारखं डब्यात भरून ठेवता येत नाही. खाली पडलेलं पिकलं फळ घ्या, झाडावरचं नको. पत्री सोलून बी ओल्या वाळूत घालूनच घरी आणा आणि एक-दोन दिवसांत पेरा, सावलीत. कोपरा असा निवडा की मे महिन्यात तिथे माती हाताला ओली लागेल. तसा कोपरा कॉलेजात नसेल तर बी राईतच राहू द्या.